अस्तित्व संशयित

९ फेब्रुवारी

नमस्कार.

विनंती आहे, विशेष काही नाही. पत्राच्या आरंभी 'विनंती विशेष' हे दोन शब्द जोडीने लिहिण्याची पद्धत आहे, परंतु या खेपेस त्यांतील पहिलाच खरा असल्याने तो सुटा लिहिला.

आपली ताई गेल्याचे आपणांस ठाऊक आहे. अंत्यविधीच्या दिवशी आपण फाटकापर्यंत आला होतात व तेथूनच परतलात, हे मी पाहिले होते. हे पत्र त्याबद्दल नाही. ती कशी गेली हे आपणांस कोणी सांगितले की नाही याची कल्पना नसल्याने एकदाच लिहून ठेवतो. सकाळी कामावर निघताना ती बूट घालण्यासाठी दाराजवळच्या स्टुलावर बसली. एक बूट घालून झाला. मी आतून विचारले, "छत्री घेतलीस का?" उत्तर आले नाही. उत्तर द्यावेसे वाटले नाही तर ती देत नसे, म्हणून मी पुन्हा विचारले नाही. मेंदूतील रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्याच क्षणी धावत आला असता तरी उपयोग नव्हता. मी त्यांना हे विचारले नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले.

आता कामाचे.

आमच्या कार्यालयात, ताईने मोजलेल्या त्या महासागराच्या नकाशाची नवी आवृत्ती तयार होत आहे. जुन्या आवृत्तीत खालच्या डाव्या भागात, जेथे सर्वत्र चार हजार मीटरच्या पुढचे आकडे आहेत, तेथे मधोमध एक ठिपक्यांचे वर्तुळ आहे. वर्तुळात ४२० हा आकडा आणि शेजारी तिरप्या अक्षरांत 'अस्तित्व संशयित' असा शेरा आहे. हा आपल्या ताईचा पर्वत. पंचवीस वर्षांपूर्वी वादळातून परतणाऱ्या एका जहाजावर ती प्रतिध्वनी-यंत्राजवळ बसली असता तिला तो सापडला. यंत्र खाली आवाज सोडते, तळावर आपटून तो परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून खोली कळते. चार हजारांवरून आकडे चढत चढत चारशेपर्यंत आले आणि पुन्हा उतरले. जहाजाला मागे वळता आले नाही. त्यानंतर तेथे कोणीही गेलेले नाही. घरात या पर्वतास 'टेंगूळ' म्हणत. समुद्राच्या डोक्याला आलेले, असे ती म्हणे.

आपल्या उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या उंचीवरून तेथे पर्वत नाही, असे आपण नऊ वर्षांपूर्वी जाहीर केलेत. त्या आधारावर आमचे साहेब ते वर्तुळ काढून टाकू इच्छितात. आमच्या खात्याचा नियम मात्र वेगळा आहे. एखाद्या अडथळ्याची खबर एकदा नकाशावर चढली की ती कोणाच्याही मतावरून उतरत नाही. त्या जागेवरून जहाज जावे लागते व तळ मोजावा लागतो. नसलेला पर्वत नकाशावर राहिला, तर कोणाला थोडा वळसा पडेल. असलेला पर्वत नकाशावरून गेला, तर वळसा घालण्याची संधीही मिळणार नाही.

साहेब वयाने माझ्याहून लहान असून मला 'पंडित' म्हणतात. ते म्हणाले, "पंडित, चारशे मीटर खोल डोंगराला कोणतं जहाज धडकणार आहे हो?"

मी म्हणालो, "पाणबुडी. किंवा केबल टाकणारे जहाज. त्यांची केबल तुटेल."

"आणि डोंगर दुसऱ्या कोणाचा असता तर?"

"तरी केबल तुटली असती."

त्यांनी आवृत्ती छापखान्यात जाईपर्यंत मुदत दिली आहे. एप्रिलमध्ये उपग्रहाची मोजमापे पडताळण्यासाठी एक जहाज आपल्या नेतृत्वाखाली निघत असल्याचे परिपत्रकात वाचले. त्याच्या मार्गापासून ती जागा अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. तेथून एकदा ओलांडून जावे, ही विनंती. पर्वत असावा अशी विनंती नाही. मोजून कळवावे, एवढीच आहे.

कळावे. लोभाचे आपण पाहून घ्यावे.

आपल्या बहिणीचा पती


२ मार्च

नमस्कार.

आपले चार ओळींचे उत्तर मिळाले. जहाज आपल्या घरचे नाही, हे मान्य. अर्धा दिवस म्हणजे काय हे मला खुर्चीत बसून कळणार नाही, हेही मान्य. "आणि भावोजी, हे आपण-आपण काय लावलंय? पूर्वी मला 'तू' म्हणायचात. टोचतं ते," असे आपण लिहिता. मलाही 'तू' लिहिणे जमेल का ते पाहिले. दोन वाक्ये लिहिली आणि ती चुकीची वाटली, म्हणून कागद बदलला.

तळटीप घालून आपण विचारले आहे की ताई शेवटी आपल्याविषयी काही बोलली का. याचे नेमके उत्तर असे की शेवट असा झालाच नाही. शेवटचे वाक्य तिचे नव्हते, माझे होते, आणि ते छत्रीबद्दल होते. परंतु त्याआधी ती आपल्याविषयी पुष्कळ बोलत असे. जे आठवते ते लिहितो.

त्या परिषदेच्या दिवशी मीही सभागृहात होतो, हे आपणांस कदाचित ठाऊक नसेल. कोणीतरी उठून विचारले की तुमच्या भगिनींच्या पर्वताचे काय. आपण म्हणालात, "समुद्राला भास होत नाहीत. माणसांना होतात." सगळे सभागृह हसले. ती तिसऱ्या रांगेत होती आणि आपण तिला पाहिले नव्हते, हे मला नक्की माहीत आहे. कारण पाहिल्यावर आपला चेहरा कसा झाला, तेही मी पाहिले. परत येताना तिने मला घरापर्यंत चालत आणले. मग म्हणाली, "विनोद चांगला होता रे. म्हणून तर राग आला. वाईट असता तर माफ केला असता."

मी म्हणालो, "त्याने आधाराशिवाय बोलायला नको होते."

"आधार आहे त्याच्याकडे. डोंगराच्या वजनानं पाणी ओढलं जातं, म्हणून डोंगरावरचा समुद्र किंचित फुगतो. त्याच्या उपग्रहाला तिथे फुगवटा दिसत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय मग. मी त्याच्या जागी नाहीये. मी यंत्रापाशी होते."

मी एकदा विचारले होते की खोल पाण्यात लहान जिवांचे थर असतात, आवाज त्यांच्यावरही आपटून परत येतो, तसे तर नसेल. ती माझ्याकडे, पोरगे परीक्षेस बसले आहे अशा नजरेने पाहून म्हणाली, "शाबास शुद्धिपत्र. पण थर ताटासारखे सपाट असतात. याला शिखर होतं." शुद्धिपत्र हे माझे घरातील नाव. मी रोज नकाशांच्या चुका दुरुस्त करतो, आणि फार बदल झाला असेल तेथे छापील तुकडा वरून चिकटवतो. त्यावरून ती लोकांना सांगे, "आमच्या घरात भाऊ आभाळाला ठिगळं लावतो आणि नवरा समुद्राला. धड कपडा कोणाकडेच नाही."

आपले नाव उपग्रह होते. आपण या क्षेत्रात जाण्याच्या पुष्कळ आधीपासून. "लहानपणी माझ्याभोवती फिरायचा, ढकलला तरी जायचा नाही." अलीकडच्या काळात वर्तमानपत्रात आपले छायाचित्र आले, तेव्हा तिने ते कापून ठेवले नाही, परंतु ज्या पानावर ते होते, ते पान रद्दीतही दिले नाही. ते स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरलेले आहे. आपल्या चेहऱ्यावर सध्या मिठाची बरणी आहे.

मला काही वाटत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. कामावर जातो, जेवतो, वर्तमानपत्र वाचतो. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात आणि मला ऐकू येण्यास थोडा वेळ लागतो, इतकेच. एक गोष्ट मात्र बदलली आहे. ती घरी येताना जिन्याच्या तळाशी एक टाळी वाजवी. जिना उंच व पोकळ असल्याने ती वरपर्यंत घुमे, आणि मी चहाचे आधण ठेवी. ही सवय आपणां भावंडांची लहानपणापासूनची, असे ती म्हणे. हौद, बोगदा, रिकामी खोली, काही दिसले की टाळी. मी स्वतः कधी वाजवली नाही. आताही वाजवत नाही. त्यामुळे आधण कधी ठेवावे हे ठरत नाही.

अर्ध्या दिवसाबद्दल पुन्हा विनंती करतो. नाही म्हणायचे असल्यास तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे साहेबांस कळवता येईल. मिठाची गुळणी धरू नये.

आपल्या बहिणीचा पती


२३ मार्च

नमस्कार.

आपण होकार कळवलात. आभार मानण्याचा माझा अधिकार आहे की नाही याविषयी मी साशंक आहे, तरी मानतो.

आपण स्वतः जहाजावर जाणार, हे वाचून आश्चर्य वाटले. ताई म्हणे, "उपग्रहाला नावेत बसवलं तर तो नावेतच वर-खाली होतो." आपणांस होडीतही मळमळते, असे तिच्याकडून ऐकले होते. तिचा उपाय सांगतो: जहाजाच्या मध्यभागी राहावे, क्षितिजाकडे पाहावे, आणि ज्यांना त्रास होत नाही अशा माणसांशी बोलू नये. तिचे सागरी जाकीट सोबतच्या पार्सलात पाठवले आहे. आपणांस ते आखूड होईल. हातांच्या बाजूस अधिक.

पार्सल बांधताना खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्या दर दोन-तीन दिवसांनी येतात, काहीतरी झाकून आणतात, आणि मी ते खाल्ले की नाही हे भांडे उचलून वजनाने पाहतात. दाराजवळ त्यांचा पाय अडखळला.

"अहो, हा बूट किती दिवस मध्ये ठेवणार आहात? मी पडले असते ना!"

"तो जोडीचा नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"दुसरा रुग्णालयाच्या पिशवीत आहे. तिच्या पायात होता तो. पिशवी कपाटात आहे."

"मग दोन्ही एकत्र ठेवा की."

मी पार्सलाच्या दोरीला गाठ मारली. काकूंनी कपाटाकडे आणि बुटाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं, राहू द्या. मीच जपून येईन," आणि गेल्या. त्या रागावल्या होत्या असे मला वाटले. परंतु आज पुन्हा आल्या होत्या आणि बुटाला वळसा घालून आत आल्या.

साहेबांनी छापखान्याची तारीख पुढे ढकलली आहे. मला ते सांगताना म्हणाले, "पंडित, समजा नसला तर?"

मी म्हणालो, "नसला तर खोडीन."

"तुम्ही? स्वतः?"

"ते माझे काम आहे."

ते काही वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. पेन्सिलीला टोक होते.

मोजमाप कसे घ्यावे याबद्दल मी काही सांगू नये हे बरे. तरीही: उत्तरेकडून दक्षिणेकडे एकदा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा ओलांडावे. शक्य असल्यास तिने ओलांडले त्याच सुमारास, म्हणजे दिवस मावळताना. हा शेवटचा भाग नियमात नाही.

आपल्या बहिणीचा पती


१९ एप्रिल

आपला संदेश सकाळी मिळाला, सोबत उतारावरचे आकडेही. "आहे भावोजी! ताईचं टेंगूळ आहे! शिखर चारशे बारा. साहेबांना सांगा."

सांगितले. साहेबांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. रेखाटन करणारी मुलगी माझा हात हातात घेऊन रडली. मी तिला बसायला खुर्ची दिली. कोणीतरी विचारले, "पंडित, मग आता 'संशयित' काढायचं ना?" मी हो म्हणालो.

आज याहून अधिक लिहीत नाही.


२६ एप्रिल

नमस्कार.

मागच्या पत्रात अधिक लिहिले नाही, कारण मला एक बाब तपासायची होती. ती तपासली.

आपण कळवलेल्या मोजमापांची नोंद मला नकाशावर घेता येत नाही. कारण देतो. पाण्यात आवाज किती वेगाने जातो हे पाण्याच्या उष्णतेवर आणि खारेपणावर अवलंबून असते. ताईच्या वेळची यंत्रे सर्व समुद्रांसाठी एकच ठराविक वेग धरीत. त्यामुळे तिच्या यंत्रावर उमटलेला आकडा चारशे बारा होता. तोच तिने आपल्या लेखात दिला. परंतु तो समुद्र उष्ण आहे, तेथे आवाज अधिक वेगाने जातो. म्हणून नकाशावर चढवताना तो दुरुस्त करून चारशे वीस करण्यात आला. ती दुरुस्ती मी केली. वास्तविक आमची ओळख त्यामुळेच झाली. माझा आकडा चुकला आहे असे सांगायला ती कार्यालयात आली होती, आणि चुकला नाही हे पटल्यावर "बरं, मग चहा तरी पाजा" म्हणाली होती.

आपल्या जहाजावरील यंत्र नवे आहे. ते पाण्याची स्थिती मोजून ही दुरुस्ती आपोआप करते. त्याला तोच पर्वत सापडला असता, तर चारशे वीसच्या आसपास आकडा आला असता. दोन-चार मीटर इकडेतिकडे. चारशे बारा हा आकडा समुद्रात कोठेही नाही. तो फक्त तिच्या लेखात आहे. उतारावरचे आपण दिलेले आकडेही तेथलेच आहेत, त्याच क्रमाने.

वरून समुद्र पाहणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येणे कठीण होते. उपग्रहाला पाण्यातून आवाज पाठवावा लागत नाही.

आपण हे का केलेत ते मी विचारत नाही. मला ते कळते, असेही म्हणत नाही. साहेबांस मी अजून काही सांगितलेले नाही. आपण खरी मोजमापे पाठवावीत, म्हणजे मी एकच गोष्ट सांगेन. पाठवली नाहीत, तर नियमाप्रमाणे जुना शेरा जसाच्या तसा राहील, कारण योग्य मोजमाप झालेच नाही असे धरले जाईल. वर्तुळ राहील, आकडा राहील, 'अस्तित्व संशयित' राहील. कोणीही मला दोष देणार नाही. हा विचार माझ्या मनात आला आणि कार्यालयातून घरी येईपर्यंत तो तेथेच होता, हे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु ती मोजणारी बाई होती. न मोजलेल्याच्या जोरावर तिचे काही शिल्लक ठेवणे मला जमणार नाही. आपणांसही जमले नाही. म्हणून तर आपण आकडा नवा रचला नाहीत, तिचाच घेतलात.

खरे काय ते पाठवावे. तेथे काही नसले तरी चालेल. चालणार नाही, पण पाठवावे.

भावोजी


१४ मे

नमस्कार.

तुझे लांब पत्र आणि मोजमापांचे पाकीट, दोन्ही मिळाले. या खेपेस 'तू' लिहिले. कागद बदलला नाही.

पत्र मी कार्यालयात वाचले नाही. घरी, दाराजवळच्या स्टुलावर बसून वाचले. तू लिहितोस की दुपारी ओलांडले तेव्हा तळ टेबलासारखा सपाट होता, चार हजार शंभर, आणि तो पाहून तुला आधी उलटी झाली व मग हायसे वाटले, आणि हायसे वाटले याची लाज वाटली. नऊ वर्षांपूर्वीचा तू बरोबर ठरलास आणि ते सांगायला कोणी उरले नव्हते. "तुम्हाला 'नाही' कसं लिहू ते कळेना, भावोजी. तिचा लेख माझ्याजवळ होता. कायम असतो. आकडा उचलला आणि संदेश पाठवून दिला. आकडाही मेला चुकीचा निघाला." यावर मला हसू आले. किती दिवसांनी, ते मोजलेले नाही.

तू पुढे लिहिलेस ते मी पुनःपुन्हा वाचले. दिवस मावळताना पुन्हा ओलांडायचे, असे मी लिहिले होते म्हणून तू, संदेश आधीच पाठवून झालेला असतानाही, जहाज वळवलेस. यंत्रावर बसलेल्या मुलीने हाक मारली, "साहेब, लवकर या, तळ वर येतोय!" तू धावत गेलास. पडद्यावर खरा तळ खाली तसाच सपाट होता. त्याच्या कितीतरी वर, मधल्या पाण्यात, दुसरी एक रेघ होती आणि ती उचलली जात होती. दोन्ही बाजूंना उतार, मध्ये चढ, आणि वर शिखर. तू लिहितोस: "जुन्या यंत्राला वरचंच ऐकू आलं असतं, भावोजी. त्याला खालचा तळ दिसलाच नसता." मग जाळे टाकले. वर आले ते बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे जीव, ढिगाने. दिवसभर खोल अंधारात राहायचे आणि ऊन उतरले की वर यायचे, असे त्यांचे रोजचे. हे सर्व समुद्रांत होते, तेही तुम्हा लोकांना ठाऊक आहे. पण इतरत्र ते ताटासारखे सपाट वर येतात. त्या एकाच जागी डोंगरासारखे का येतात, हे जहाजावरच्या कोणालाही सांगता आले नाही.

शेवटी तू लिहितोस: "तिला भास झाला नव्हता. तिने बरोबर ऐकलं होतं. फक्त ते दगड नव्हते. मी भर सभेत काय बोललो होतो ते मला अजून ऐकू येतं."

तिलाही येत असे. पण विनोद चांगला होता, असे तिचे मत होते. ते मी तुला कळवले आहे आणि ते मागे घेण्याचा मला अधिकार नाही.

साहेबांना सगळे सांगितले. तुझ्या पहिल्या संदेशाबद्दल मात्र, ती घाईत झालेली चूक होती, एवढेच सांगितले. ते खरे आहे. ते म्हणाले, "म्हणजे डोंगर नाही, पण आहे."

"डोंगर नाही," मी म्हणालो.

"मग ते जे वर येतं, ते दाखवता येईल का कुठे? एखादी खूण?"

मी खुणांची पूर्ण यादी पाहिली. खडकाला खूण आहे, बुडालेल्या जहाजाला आहे, चिखलाला, वाळूला, शंखशिंपल्यांच्या तळालाही आहे. पाण्यातून रोज वर येणाऱ्या जिवंत वस्तूला आमच्याकडे खूण नाही.

म्हणून काल खोडले. आमची पद्धत तुला माहीत नसेल. नकाशावरचे काही रद्द करायचे झाल्यास ते खरवडत नाहीत, पुसत नाहीत, वर कागदही डकवत नाहीत. जांभळ्या शाईची एक बारीक रेघ, पट्टी धरून, आरपार. खालचा मजकूर वाचता आला पाहिजे, असा नियम आहे. येथे काय होते असे समजले जात होते, हे पुढच्या माणसाला दिसले पाहिजे. मी वर्तुळावरून एक रेघ ओढली, आकड्यावरून एक, शेऱ्यावरून एक. रेघा सरळ आल्या. मात्र शेवटची रेघ झाल्यावर पट्टी उचलता येईना. रेखाटन करणाऱ्या मुलीने ती माझ्या हाताखालून काढून घेतली. साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "पंडित, शाई वाळू द्या. घाई नाही."

वाळली. चारशे वीस अजून वाचता येते.

नवी आवृत्ती त्या वर्तुळाशिवाय छापली जाईल. ही जुनी प्रत रद्द झाली असून रद्द प्रती घरी नेण्यास नियमाची हरकत नाही. मी पाहून घेतले. ती जेवणाच्या टेबलावर पसरली आहे. तुला बघायची असल्यास ये. पोस्टाने पाठवणार नाही, घडीवर शाई तडकते.

काकूंना सांगितले आहे की माझा मेहुणा येण्याचा संभव आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "फाटकातून परत गेलेले तेच का? मग येऊ द्या, मला दोन शब्द बोलायचेत त्यांना." तेव्हा तयारीने ये. जाकीट घालून आलास तरी चालेल. दाराशी बूट आहेत, आता दोन्ही आहेत, भिंतीलगत. त्यांना पाय लागू नये, एवढे पाहा.

जिन्यातला दिवा बिघडला आहे आणि दाराची घंटाही अधूनमधून चालत नाही. खाली आलास की टाळी वाजव. मी आधण ठेवीन.

कळावे. लोभ आहे.

तुझा
भावोजी